प्रश्न बाईचा, उत्तर कुणाचं?



चळवळीत आपण वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगत आलो आहोत. बाई बोलत नाही असं नसतं, तिचं बोलणं ऐकलं जाणार नाही अशी व्यवस्था केलेली असते. कायद्यात, घरात, पंचायतीत, वर्तमानपत्रात ही व्यवस्था कशी चालते ते आपण उलगडून दाखवलं. आता या व्यवस्थेला एक नवं दालन जोडलं गेलं आहे आणि त्याच्याकडे आपण पाठ फिरवून बसलो आहोत. हे दालन म्हणजे इंटरनेटवर माहिती शोधून देणारी यंत्रं, आणि गेल्या तीन-चार वर्षांत त्यांच्या जोडीला आलेली, विचारलेल्या प्रश्नाला थेट उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं.

"हे कॉम्प्युटरवाल्यांचं काम, आपलं काम वस्तीत, गावात," असं यावर लगेच म्हटलं जातं. संघटनेच्या बैठकीत हा विषय निघाला की अर्ध्या जणी चहाला उठतात. हा आपला विषय का आहे, हे मला इथे मांडायचं आहे.

बाई आता आधी कुणाला विचारते?

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत आमच्याकडे ज्या बायका सल्ल्यासाठी येतात, त्यातल्या बऱ्याच जणी आता फोनला विचारून आलेल्या असतात. स्वतःचा फोन नसला तर मुलीच्या, भाच्याच्या फोनवर. टाइप करता येत नसलं तरी माइकचं बटण दाबून बोलता येतं. 2024 पासून तर व्हॉट्सअ‍ॅपमध्येच एक गोल वर्तुळ येऊन बसलं आहे, त्यालाही विचारता येतं. मला हे वाईट वाटत नाही. रात्री अकरा वाजता मार खाल्लेली बाई आपल्या केंद्राचं दार उघडण्याची वाट बघत बसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तिला विचारायला कुणी तरी हवं असतं, आणि फोन उशाशी असतो.

चिंता आहे ती तिला मिळणाऱ्या उत्तराची. नवऱ्यानं आत्महत्या केलेल्या एका शेतकरी बाईला फोननं सांगितलं की दुसरं लग्न केलंस तर शेतीवरचा हक्क जाईल. दीर हेच सांगत होता, आता यंत्रानंही तेच सांगितलं, मग ते खरंच असणार! वस्तुस्थिती अशी आहे की 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीनं तिला हिस्सा मिळतो, तो तिच्या पूर्ण मालकीचा होतो आणि पुन्हा लग्न केलं म्हणून जात नाही. ही माहिती आपल्या प्रत्येक संघटनेकडे आहे. शिबिरांत आपण ती घसा फोडून सांगितली आहे. पुस्तिका छापल्या आहेत. मग ती यंत्रापर्यंत का पोहोचली नाही?

हा प्रश्न वऱ्हाडात किती जिव्हाळ्याचा आहे ते वेगळं सांगायला नको. महिला किसान अधिकार मंचानं, म्हणजे मकामनं, विदर्भ-मराठवाड्याच्या 11 जिल्ह्यांतल्या 505 शेतकरी विधवांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध केली. 2012 नंतर ज्यांचे नवरे आत्महत्येनं गेले, त्यातल्या 40 टक्के बायकांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. अशा बाईला मिळालेलं एक चुकीचं उत्तर तिची दोन एकर जमीन घालवू शकतं.

यंत्र वाचतं कसं?

थोडं यंत्राचं काम समजून घेऊ. त्यात काही जादू नाही.

शोधयंत्रांच्या कंपन्या 'क्रॉलर' नावाचे प्रोग्रॅम इंटरनेटवर फिरवत असतात. जनगणनेची बाई जशी या दारातून त्या दारात जाते आणि नोंद करते, तसा क्रॉलर एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जातो, तिथला मजकूर वाचतो आणि साठवतो. गूगलचा क्रॉलर गूगलबॉट. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा जीपीटीबॉट. 2007 पासून कॉमन क्रॉल नावाची एक संस्था जगभरची पानं गोळा करून सर्वांना खुली करते, आणि अनेक भाषा-यंत्रं शिकवताना तोच साठा वापरला गेला आहे. क्रॉलरला जे वाचता आलं तेवढंच यंत्राला ठाऊक. जे वाचता आलं नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. आणि उत्तर देताना यंत्र "मला माहीत नाही" क्वचितच म्हणतं. ज्यांचं लिखाण त्याला भरपूर सापडलं त्यांचं म्हणणं ते आपल्या बाईला ऐकवतं. ते कुणाचं सापडतं? ज्योतिषाचं, वशीकरणवाल्या बाबाचं, 'घर कसं टिकवावं' सांगणाऱ्याचं आणि फी घेणाऱ्या वकिलाचं. त्यांनी आपलं दुकान रस्त्यावर मांडलं आहे. आपलं भांडार मात्र कपाटात आहे.

मराठी मातृभाषा सांगणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख होते. एवढ्या मोठ्या भाषेत बायकांच्या हक्कांविषयी यंत्राला वाचता येईल असा मजकूर किती आहे, ते स्वतः फोनवर शोधून पाहा. आपल्या बायका ज्या शब्दांत बोलतात त्याच शब्दांत शोधा. मग या लेखाची गरज वेगळी पटवावी लागणार नाही.

आपलं लिखाण कुठे अडकलं आहे?

पहिला अडसर फॉण्टचा. नव्वदच्या दशकापासून आपली पत्रकं, पुस्तिका, अंक डीटीपीवर तयार झाले. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती, शिवाजी असे ते फॉण्ट. त्यांची गंमत अशी की अक्षर मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ते इंग्रजी असतं. कृतिदेवमध्ये 'महिला' हा शब्द टाइप केला, तर संगणकात ई, एफ, जी, वाय, के अशी पाच इंग्रजी अक्षरं साठतात. क्रॉलर तीच वाचतो आणि निरर्थक म्हणून सोडून देतो. देवनागरीचं युनिकोड 1991 पासून आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणच्या छापखान्यांत आजही जुनेच फॉण्ट चालतात आणि आपण "पीडीएफ पाठवा हो भाऊ" म्हणून तीच फाईल वेबसाईटवर चढवतो.

दुसरा अडसर चित्रांचा. पुस्तिकेची पानं स्कॅन करून टाकली, पोस्टरचा फोटो टाकला की आपल्याला वाटतं झालं प्रकाशन. आपल्या डोळ्यांना तो मजकूर आहे, क्रॉलरला तो बहुतेक वेळा नुसता फोटो आहे. आठ मार्चला आपण इतक्या सुंदर घोषणा लिहितो, सगळ्या चित्रांत. दृष्टिहीन बाईलाही त्या ऐकता येत नाहीत, हेही लक्षात घ्या.

तिसरा अडसर बंद खोल्यांचा. आपला सगळा संवाद व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत आणि फेसबुकवर चालतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शोधयंत्र येऊ शकत नाही, आणि तसंच असायला हवं. फेसबुकवरचं बरंचसं लिखाण लॉगिनच्या भिंतीआड राहतं. कायद्याची उत्तम समजूत देणारी टिपणं तिथे लिहिली जातात, दोनशे जणी अंगठा देतात आणि आठवड्यात ती खाली गाडली जातात.

चौथा अडसर वेबसाईट बनवून देणाऱ्यांचा. चकाचक, हलणाऱ्या चित्रांची वेबसाईट ते बनवून देतात. त्यातला मजकूर अनेकदा जावास्क्रिप्टनं मागाहून भरला जातो. गूगलचा क्रॉलर तो बराचसा वाचतो, पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अनेक क्रॉलरना पान रिकामं दिसतं. वर्डप्रेसवर काम चालू असताना 'शोधयंत्रांनी ही वेबसाईट नोंदवू नये' अशी खूण करून ठेवतात, आणि उद्घाटनानंतर ती काढायची राहून जाते. विभागातल्या एका संस्थेची वेबसाईट अशीच दोन वर्षं कुलूपबंद होती. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालेलं, आणि गूगलवर नाव टाकलं तरी सापडत नव्हती!

पाचवा अडसर पैशांचा. वेबसाईट प्रकल्पातून होते. प्रकल्प संपला, परदेशी निधीचे नियम 2020 मध्ये आणखी आवळले गेले, आणि दरवर्षीचे हजार-दीड हजार रुपये भरायचे राहिले की नाव दुसऱ्या कुणाचं होतं आणि दहा वर्षांचं लिखाण एका रात्रीत जातं.

सहावा अडसर मात्र आपण स्वतः उभा केलेला आहे. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला अहवाल लिहायला शिकवलं. अहवाल कुणासाठी? निधी देणाऱ्यांसाठी. भाषा इंग्रजी, नाही तर इंग्रजीची छाया असलेली मराठी. वेबसाईटही त्याच चालीवर: आमचं ध्येय, आमची उद्दिष्टं, आमचे विश्वस्त, आमचे पुरस्कार. अडचणीतल्या बाईला आपल्या ध्येयाशी काय देणंघेणं?

तिचे शब्द आणि आपले शब्द

आपण लिहितो 'निर्वाह भत्ता', ती म्हणते 'खावटी'. आपण लिहितो 'कौटुंबिक हिंसाचार', ती म्हणते 'नवरा दारू पिऊन मारते'. आपण 'विवाहविच्छेद' लिहितो, ती 'फारकत' म्हणते. आपण लिहितो 'स्थावर मालमत्तेतील उत्तराधिकार', तिला विचारायचं असतं, 'सातबाऱ्यावर माझं नाव कसं चढवू?'

जाहिरातवाले या गोष्टीला मोठी इंग्रजी नावं देऊन पॅकेज विकतात, 'पहिल्या नंबरवर आणून देतो' म्हणतात. त्यांच्या नादी लागू नका. यातलं मर्म आपल्याला त्यांच्या आधीपासून ठाऊक आहे: बाईच्या भाषेत बोला. वस्तीत बैठक घेताना आपण हेच करतो. लिहायला बसलो की मात्र सरकारी कारकून अंगात येतो.

पानाचं शीर्षक हे तिचा प्रश्न असावं: 'नवरा नांदवत नाही, खावटी कशी लावायची?' पहिल्या दोन वाक्यांत सरळ उत्तर असावं. मग कागद कोणते, जायचं कुठे, खर्च किती, किती दिवस लागतात. बाईला तिचं उत्पन्न कितीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्यानं वकील मोफत मिळतो, हे ठळक लिहावं. तालुक्याचं नाव लिहावं. 'अकोट', 'तेल्हारा', 'दर्यापूर', 'धारणी' हे शब्द पानावर असतील तरच तिथल्या बाईला ते पान सापडेल. 181 आणि 112 हे क्रमांक अक्षरांत लिहावेत, चित्रात नकोत. आणि तारीख लिहावी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 498 अ च्या जागी कलम 85 आणि 86 आलं. आपली जुनी पानं अजून 498 अ च सांगत असतील तर तीही दिशाभूलच आहे. बाई ठाण्यात जुनं कलम सांगते आणि हवालदार हसतो.

आक्षेप खरा आहे, तरीही

काही मैत्रिणींचा आक्षेप गंभीर आहे आणि तो मला टाळायचा नाही. त्या विचारतात, "आपण फुकट लिहायचं आणि अब्जावधींच्या कंपन्यांनी ते गिळून नफा करायचा? बाईच्या घरकामाचं जे झालं तेच हे. फुकटचे श्रम!" बरोबर आहे. हे श्रम कंपन्यांनी विचारल्याशिवाय घेतले आहेत. त्याचा मोबदला, श्रेय, उत्तरदायित्व यांसाठी कायदा मागायलाच हवा.

पण दार लावून घेणं हे याचं उत्तर नव्हे. आपण लावून घेतलं तर यंत्र बोलायचं थांबणार नाही. ते बाबाच्या आणि दिराच्या शब्दांत बोलेल. हक्कांची माहिती ही आपली मालमत्ता नाही, ती त्या बाईची आहे. ती जिथे विचारेल तिथे पोहोचायला हवी.

निवडीचा मार्गही उपलब्ध आहे. प्रत्येक वेबसाईटवर 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' नावाची एक छोटी फाईल ठेवता येते. 1994 पासून ही पद्धत आहे, 2022 मध्ये तिला अधिकृत मानकाचं रूप मिळालं. कोणत्या क्रॉलरनं कुठे यावं, कुठे येऊ नये ते तिच्यात लिहिता येतं. ओपनएआयचा शिकवणीसाठी गोळा करणारा बॉट वेगळा आणि शोधासाठीचा वेगळा. एकाला हो, दुसऱ्याला नाही म्हणता येतं. गूगलच्या शोधात राहून त्यांच्या जेमिनीच्या शिकवणीला नकार देण्याची सोय 2023 पासून आहे. मात्र गूगलच्या शोधात वर जे तयार उत्तर दिसतं, त्याला यानं आळा बसत नाही. दुसऱ्या बाजूला, 2025 च्या जुलैपासून क्लाउडफ्लेअर ही कंपनी नव्या ग्राहकांच्या वेबसाईटवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे क्रॉलर आपोआप अडवते आहे. म्हणजे आपण ठरवलं नाही तर आपल्या वतीनं कुणी तरी ठरवतंच. हा निर्णय वेबसाईटवाल्या पोरावर सोडू नका. कार्यकारिणीत चर्चा करून, ठराव करून घ्या.

जे कधीच चढवायचं नाही

इथे मी अगदी कडक बोलणार आहे. माहिती उघडी करा याचा अर्थ बायका उघड्या करा असा नाही.

रोबोट्सची ती फाईल म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नाही. पाळणारे पाळतात, न पाळणारे आत येतात. आणि क्रॉलरनं एकदा नेलेली नक्कल आपण पान काढून टाकलं तरी परत येत नाही. म्हणून केस-नोंदी, बायकांची निवेदनं, शिबिरातली मनोगतं, फोटो यांना वेबसाईटवर जागा नाही. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे. 'नाव बदलले आहे' एवढी तळटीप पुरत नाही. गाव, जात, मुली किती, शेत कोणत्या धुऱ्याला, एवढं लिहिलं की पंचक्रोशीत सगळ्यांना कळतं. आजवर असा अहवाल चार जणांच्या टेबलावर पडून राहायचा. आता यंत्र तो तिच्या दिराच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचून दाखवू शकतं. 'यशोगाथा' मागणाऱ्या निधीवाल्यांनाही हे ठणकावून सांगायला हवं.

ताराबाईंचं पुस्तक आठवा

न सापडण्याची किंमत आपण वऱ्हाडातल्या बायकांनी एकदा मोजली आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात 500 प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जोतिराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ते पुस्तक जवळजवळ नाहीसं झालं. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापलं तेव्हा आपल्याला ते मिळालं. मध्ये 93 वर्षं गेली. या काळात किती मुलींनी तेच प्रश्न पहिल्यापासून, एकटीनं विचारले असतील! ताराबाईंचं पुस्तक कुणी जाळलं नव्हतं. ते यादीत नव्हतं, कपाटात नव्हतं, कुणाच्या तोंडी नव्हतं, म्हणून गेलं.

याच्या उलट उदाहरणही विदर्भातलंच आहे. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली पोलिसांना सोडलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ते पत्र गावोगावच्या गटांपर्यंत पोहोचलं, वाचलं गेलं, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पत्र चांगलं होतं हे खरंच, पण ते हातोहात फिरवणाऱ्या बायका होत्या म्हणून त्याची ताकद झाली. तेव्हा सायक्लोस्टाइल होतं, टपाल होतं. आज पत्र फिरवायचं तर ते क्रॉलरला वाचता येईल असं लिहावं लागेल.

प्रस्ताव

अमरावती-अकोल्यातल्या संघटनांपुढे मी हा प्रस्ताव ठेवते.

एक. आपल्याकडे सर्वांत जास्त विचारले जाणारे दहा प्रश्न बायकांच्या शब्दांत लिहून काढू. खावटी, फारकत, सातबारा, वारसाची नोंद, मारहाण, घरातून हाकलणं, गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का (सज्ञान बाईला लागत नाही), वनहक्काच्या दाव्यात बायकोचं नाव, वगैरे. प्रत्येक संघटनेनं दोन प्रश्न घ्यावेत.

दोन. उत्तर युनिकोडमध्ये, साध्या पानावर. लिहिल्यावर वस्तीतल्या पाच जणींना वाचून दाखवावं. त्यांना कळलं नाही तर पुन्हा लिहावं. मेळघाटासाठी कोरकूत आवाज रेकॉर्ड करावा आणि त्याखाली तोच मजकूर देवनागरीत द्यावा.

तीन. प्रत्येक संघटनेनं दुसरीच्या पानाचा दुवा आपल्या पानावर द्यावा. क्रॉलर दुव्यांवरूनच चालतो. आपल्यातले जुने रुसवेफुगवे त्याला कळत नाहीत, आपणही थोडे बाजूला ठेवू.

चार. जुन्या पुस्तिका आणि अंक लेखिकांची परवानगी घेऊन युनिकोडमध्ये आणावेत. फॉण्ट बदलून देणारी फुकट साधनं आहेत. स्कॅन गूगल ड्राइव्हमध्ये उघडलं की मराठी मजकूर बराचसा निघतो, जोडाक्षरं तेवढी तपासावी लागतात. महाविद्यालयीन मुलींचं हे उत्तम शिबिर होईल.

पाच. गूगलचं 'सर्च कन्सोल' फुकट आहे. आपली पानं नोंदली गेली का, बायका कोणते शब्द शोधत आल्या, हे त्यात दिसतं. दर तीन महिन्यांनी एका कार्यकर्तीनं ते पाहावं आणि बैठकीत सांगावं. त्याच वेळी सगळ्यांनी मिळून त्या दहा प्रश्नांची उत्तरं यंत्रांना विचारावीत, चुकली ती लिहून ठेवावीत. कंपन्यांशी आणि शासनाशी भांडायला ती नोंद लागेल.

सहा. काय चढवायचं नाही त्याची यादी आधी करावी, मग वेबसाईट.

याला मोठा निधी लागत नाही. दोन कार्यकर्त्या, एक संगणक आणि दर आठवड्याला चार तास लागतात. कापूस वेचणीच्या दिवसांत बैठका तशाही कमी होतात. तो वेळ यासाठी घेऊ. पुढच्या अंकापर्यंत दहांपैकी निदान तीन प्रश्नांची उत्तरं तयार व्हावीत. कोणती संघटना कोणता प्रश्न घेते, ते महिनाभरात अंकाच्या पत्त्यावर कळवा.